सरासरी राखायची की खेळायचं?

गणिताच्या तासाला सरांनी फळ्यावर एक उदाहरण घातलं. १७९ ला ४४८ ने भागा आणि उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत द्या. भागाकार आला ०.३९९५५. तीन स्थळांपर्यंत आणला की ०.४००. सगळ्यांनी तेच लिहिलं आणि वह्या मिटल्या. मग सर म्हणाले की उत्तर बरोबर आहे, पण ज्या माणसाचं हे उत्तर आहे त्याने ते स्वीकारलं नाही.

तो माणूस म्हणजे अमेरिकेतला बेसबॉल खेळाडू टेड विल्यम्स. साल १९४१, वय २३, संघ बोस्टन रेड सॉक्स. त्या दिवशी प्रेपमध्ये मी गृहपाठ कमी केला आणि त्या मोसमाचे आकडे जास्त वाचले. त्यातून माझं एक मत तयार झालं. ते आपल्या शाळेतल्या पदकांबद्दल आहे आणि थोडं माझ्या स्वतःबद्दलही आहे.

आधी खेळाचा हिशेब सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी बेसबॉल पाहिलेला नाही. फलंदाज मारायला उभा राहतो, ती त्याची एक पाळी. चेंडू मारून तो सुखरूप बेसवर पोहोचला, तर ती हिट. एकूण हिटना एकूण पाळ्यांनी भागलं की फलंदाजीची सरासरी मिळते. गोलंदाजाने चार चेंडू वाईट टाकले तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, पण ती पाळी या भागाकारात धरत नाहीत. दहापैकी तीन वेळा हिट मारणारा चांगला खेळाडू समजला जातो. म्हणजे दहापैकी सात वेळा चुकूनही माणूस चांगला ठरतो! दहापैकी चार, म्हणजे .४००, हा आकडा फार थोड्यांना जमला. अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या दोन मोठ्या लीगमध्ये १९४१ नंतर आजपर्यंत पूर्ण मोसमात तो कोणालाही जमलेला नाही.

मोसमाचा शेवटचा दिवस होता २८ सप्टेंबर १९४१. फिलाडेल्फियात एकाच दिवशी दोन सामने होते. आदल्या दिवशी विल्यम्सला चार पाळ्यांत एकच हिट मिळाली होती आणि सरासरी .३९९५५ वर उतरली होती. कागदावर ती .४०० च लिहिली गेली असती. संघाचे व्यवस्थापक जो क्रोनिन यांनी त्याला सांगितलं की हवं तर बाहेर बस. रेड सॉक्सचं त्या दिवशी काही अडणार नव्हतं, कारण लीग यांकीजने कधीच जिंकली होती. विल्यम्स खेळला. पहिल्या सामन्यात पाच पाळ्यांत चार हिट मारल्या, त्यात एक होम रन. आता हिशेब झाला १८३ भागिले ४५३, म्हणजे .४०४. आता तरी बसायला हरकत नव्हती. तो दुसराही सामना खेळला. तीन पाळ्यांत दोन हिट. शेवटचा भागाकार १८५ भागिले ४५६, म्हणजे .४०६.

हे वाचताना मला क्रिकेट आठवलं. १९४८ साली ओव्हलवर डॉन ब्रॅडमन शेवटच्या डावात उतरले, तेव्हा शंभरची सरासरी गाठायला त्यांना चार धावा हव्या होत्या. ते शून्यावर बाद झाले आणि सरासरी ९९.९४ राहिली. तो डाव ते खेळले नसते तर सरासरी १०१.३९ राहिली असती. विल्यम्सला यश मिळालं, ब्रॅडमनना मिळालं नाही. पण दोघांनीही बाहेर बसून आकडा राखला नाही, आणि माझ्या मते दोघांचं मोठेपण तिथेच आहे.

आता त्या मोसमाची बाकीची यादी. अमेरिकन लीगमध्ये सर्वांत जास्त सरासरी विल्यम्सची, सर्वांत जास्त होम रन विल्यम्सचे, ३७. गोलंदाजांत क्लीव्हलँडचा बॉब फेलर पुढे, २५ विजय आणि २६० फलंदाज स्ट्राइक आउट. नॅशनल लीगमध्ये ब्रुकलिन डॉजर्सचा पीट रायझर .३४३ सरासरीने पहिला आला. त्याच संघाच्या डॉल्फ कॅमिलीने ३४ होम रन मारले, त्याच्या फटक्यांवर १२० धावा आल्या आणि त्या लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू हा किताब त्यालाच मिळाला.

अमेरिकन लीगचा किताब मात्र विल्यम्सला मिळाला नाही. तो न्यूयॉर्क यांकीजच्या जो डिमाजिओला मिळाला. डिमाजिओची सरासरी .३५७ आणि होम रन ३०. त्याच्या फटक्यांवर आलेल्या धावा मात्र १२५ होत्या, विल्यम्सच्या १२० पेक्षा पाच जास्त. शिवाय त्याने १५ मेपासून सलग ५६ सामन्यांत प्रत्येक सामन्यात निदान एक तरी हिट मारली होती. १७ जुलैला क्लीव्हलँडमध्ये ती मालिका तुटली. हा विक्रमही आजवर कोणी मोडलेला नाही.

किताब ठरवत होते २४ वार्ताहर. पहिल्या पसंतीला १४ गुण, दुसऱ्या पसंतीला ९. डिमाजिओला १५ जणांनी पहिला आणि उरलेल्या ९ जणांनी दुसरा क्रमांक दिला. १५ गुणिले १४ म्हणजे २१०, ९ गुणिले ९ म्हणजे ८१, बेरीज २९१. विल्यम्सला मिळाले २५४. पुढच्या वर्षी विल्यम्स सरासरी, होम रन आणि फटक्यांवर आलेल्या धावा या तिन्हींत पहिला होता, तरी किताब यांकीजच्याच जो गॉर्डनला गेला. १९४७ साली विल्यम्स पुन्हा तिन्हींत पहिला आला आणि डिमाजिओकडून एका गुणाने हरला, २०२ विरुद्ध २०१.

आमच्या बरॅकमध्ये यावर दोन रात्री वाद चालला, लाइट्स आउट नंतरसुद्धा. एक बाजू म्हणत होती की हा सरळ अन्याय आहे. दुसरी बाजू म्हणत होती की यांकीजने १०१ सामने जिंकले, रेड सॉक्सने ८४, मग मोलाचा कोण? माझं मत विल्यम्सला आहे. शंभरपैकी पंचावन्न वेळा तो कसाही करून बेसवर पोहोचत होता, त्याहून जास्त मोल ते काय असणार! पण यात मला अन्याय दिसत नाही. सरासरी भागाकाराने ठरते आणि किताब माणसांच्या मताने ठरतो. भागाकाराशी भांडता येत नाही आणि मताला भागाकार समजायचं नाही, एवढं ध्यानात ठेवलं की रुसायचं कारण उरत नाही. आपल्याकडे बेस्ट कॅडेटची ट्रॉफी जाहीर झाली की आठवडाभर मेसमध्ये जी कुजबुज चालते, ती या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळेच.

या वादात मला एक गोष्ट उमगली. डिमाजिओचा विक्रम आणि विल्यम्सचा विक्रम वेगळ्या जातीचे आहेत. सलग सामन्यांची मालिका घरी बसून वाढत नाही. ५५ चे ५६ करायचे तर मैदानावर उतरावंच लागतं. सरासरीचं तसं नाही. ती बसून टिकवता येते. म्हणून ज्या आकड्याला सरासरी म्हणतात, तो पाहिल्यावर आधी विचारावं की हा खेळून आला आहे की बसून.

हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला. म्हणून आता माझी गोष्ट.

गेल्या सत्रात इंटर हाऊस फायरिंगमध्ये पॉइंट टू-टू रायफलच्या चार फेऱ्या होत्या. प्रत्येक फेरी शंभर गुणांची. हाऊसच्या ढालीसाठी सगळ्यांची बेरीज धरतात. बेस्ट फायररच्या पदकासाठी ज्याची त्याची सरासरी धरतात. तीन फेऱ्यांनंतर माझी सरासरी ९३ होती. दुसऱ्या हाऊसच्या एका कॅडेटची ९१. चौथ्या फेरीच्या सकाळी त्याची डिटेल आधी झाली आणि त्याने ९४ मारले. त्याची चार फेऱ्यांची सरासरी झाली ९१.७५. मी रेंजवर उभ्या उभ्या हिशेब केला. मला ८८ हून कमी मिळाले तर पदक जाणार होतं. वारा होता. मला दोन दिवसांचा खोकला होता. मी एम. आय. रूममध्ये गेलो आणि सांगितलं की श्वास धरता येत नाही. अगदीच खोटं नव्हतं. पण त्याच संध्याकाळी मी फुटबॉल खेळलो, यावरून काय ते समजा.

माझ्या जागी नववीतला राखीव मुलगा उतरला. त्याची ती पहिलीच स्पर्धा. त्याने ७१ मारले. ढाल आमच्या हाऊसच्या हातून नऊ गुणांनी गेली. मी उतरून ८१ मारले असते तरी ढाल आमची होती. माझी सरासरी तीन फेऱ्यांची ९३ च राहिली आणि पदक मला मिळालं. रात्री तो मुलगा माझ्या बेडपाशी आला आणि म्हणाला, "भैया, सॉरी. मेरी वजह से गया." मी त्याला सांगितलं की असं होतं, पुढच्या वेळी बघू. त्याला खरं काय ते मी सांगितलं नाही. ते पदक माझ्या ट्रंकेत मोज्यांच्या खाली आहे. सुट्टीत घरी नेलं तेव्हा आईने ते शोकेसमध्ये लावलं होतं. परत येताना मी ते काढून आणलं. आईने कारण विचारलं, मी सांगितलं की शाळेत लागतं.

फळ्यावरचं ते उदाहरण सुटल्यावर मी हाऊस मास्टर सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं, शिक्षा होईल. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की तू नियम मोडलेला नाहीस, मग मी शिक्षा कशाची देऊ? नियम चुकीचा वाटत असेल तर तसं लिही. आणि त्या मुलाशी बोल. मुलाशी मी बोललो. ते आमच्या दोघांत राहील. नियमाबद्दल इथे लिहितो.

बेसबॉलमध्ये आज असा नियम आहे की सरासरीच्या क्रमवारीत यायचं तर संघाच्या दर सामन्यामागे निदान ३.१ वेळा बॅट घेऊन उभं राहिलेलं असावं लागतं. १६२ सामन्यांच्या मोसमात हे होतात ५०२. कमी पडले तर जितके कमी, तितक्या पाळ्या हिट न मिळालेल्या म्हणून हिशेबात घालतात, आणि तरीही खेळाडू पहिला येत असेल तरच त्याला पहिला मानतात. १९९६ साली सॅन दिएगोच्या टोनी ग्विनचं असंच झालं. त्याचे ४९८ होते, चार कमी. चार रिकाम्या पाळ्या मिळवूनही तो सर्वांच्या पुढे राहिला, म्हणून तो मोसम त्याच्या नावावर लागला.

आपल्या चार फेऱ्यांत न खेळलेल्याला शून्य देणं फार कडक होईल. चारात एक शून्य आलं की पदक संपलं, मग खरंच ताप आलेल्या मुलाने काय करायचं? म्हणून माझी सूचना वेगळी आहे. जो बाहेर बसेल, त्याच्या जागी जो उतरेल त्याचेच गुण बसणाऱ्याच्याही हिशेबात धरावेत. माझ्यामुळे हाऊसच्या खात्यात ७१ आले, तर माझ्याही खात्यात ७१ च यायला हवेत. मग माझी सरासरी ८७.५ होते आणि पदक त्या दुसऱ्या कॅडेटकडे जातं. तेच बरोबर आहे, कारण तो चारही फेऱ्या खेळला.

काही जण म्हणतील की मग आजारी मुलंही पदकासाठी रेंजवर येतील. ही शंका खोटी नाही. एम. आय. रूममध्ये भरती असलेल्याबद्दल काय करायचं ते प्रशिक्षकांनी ठरवावं. तिथे भागाकार पुरत नाही, माणसाचं मतच लागतं. पण या नियमाने एक फायदा नक्की होईल. बाहेर बसणाऱ्याला राखीव मुलाची काळजी वाटू लागेल. मी त्याला आधी दहा दिवस शिकवलं असतं तर कदाचित ढाल वाचली असती. तेव्हा मला त्याचं नावही नीट माहीत नव्हतं.

न खेळण्याची दुसरीही एक जात आहे, ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. दोन दिवसांत बॉब फेलर नौदलात दाखल झाला आणि पुढे अलाबामा या युद्धनौकेवर तोफांवर होता. डिमाजिओ भूदलाच्या हवाई दलात गेला. विल्यम्सने मे १९४२ मध्ये नाव नोंदवलं, तो मोसम खेळला आणि मग वैमानिकाचं प्रशिक्षण घेऊन मरीन कोअरमध्ये अधिकारी झाला. १९४३, १९४४, १९४५ या तीन वर्षांपुढे त्याच्या नावावर एकही सामना नाही. १९५२ साली कोरियाच्या युद्धासाठी त्याला पुन्हा बोलावलं. तो खुशीने गेला असं मी लिहिणार नाही. आपल्याला पुन्हा बोलावलं याचा त्याला राग आला होता. पण तो गेला. जेट विमानातून त्याने ३९ मोहिमा केल्या. फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळीबारात सापडलेलं, पेटलेलं विमान त्याने पोटावर उतरवलं आणि तो जिवंत बाहेर आला. पुढे पृथ्वीभोवती फिरणारा पहिला अमेरिकन ठरलेला जॉन ग्लेन त्याच्याच स्क्वॉड्रनमध्ये होता.

त्या दोन वर्षांचे आकडे पाहण्यासारखे आहेत. १९५२ मध्ये जाण्याआधी तो सहा सामने खेळला. दहा पाळ्या, चार हिट, सरासरी .४००. १९५३ मध्ये परत आल्यावर ३७ सामने खेळला. ९१ पाळ्या, ३७ हिट, सरासरी .४०७. म्हणजे १९४१ पेक्षाही जास्त! पण .४०० गाठणाऱ्यांच्या यादीत ही दोन वर्षं धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण पुरेशा पाळ्या नाहीत. त्या वर्षांचं मोल त्या रकान्यात मावत नाही, एवढंच. कोरी ओळ दोन कारणांनी पडते. कोणी आकडा राखायला बसतो म्हणून, आणि कोणी आकडा सोडून कामावर जातो म्हणून. यादीत दोन्ही सारख्याच दिसतात. फरक ज्याचा त्यालाच माहीत असतो.

आणखी एक. १९४१ च्या त्या याद्यांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नाही. ते चांगले खेळत नव्हते असं नाही, त्यांना या दोन लीगमध्ये खेळूच देत नव्हते. जॅकी रॉबिन्सन १९४७ साली आला. १९६६ साली विल्यम्सचा हॉल ऑफ फेममध्ये सन्मान झाला, तेव्हा त्याने भाषणात सॅचल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावं घेतली आणि त्यांनाही इथे जागा मिळावी असं म्हटलं. २०२४ साली त्यांच्या वेगळ्या लीगचे आकडे अधिकृत नोंदींत धरले गेले आणि कारकिर्दीच्या सरासरीत गिब्सन सगळ्यांच्या वर आला. पहिला कोण हे सांगणाऱ्या यादीला आधी विचारावं लागतं की मैदानावर कोणाकोणाला येऊ दिलं होतं.

पालकांना एक विनंती. रविवारी फोनची पाळी आली की पहिला प्रश्न असतो, "किती मिळाले? कितवा आलास?" तुमचं चुकत नाही. लांबून तुम्हाला आकड्याशिवाय दुसरं काय दिसणार? पण अधूनमधून एवढंही विचारा की उतरला होतास का. गेल्या सत्रात आईने हे विचारलं असतं, तर मला गप्प बसावं लागलं असतं.

पुढच्या सत्रात फायरिंग पुन्हा आहे. नियम बदलेल की नाही ते माझ्या हातात नाही. मी चारही फेऱ्यांना नाव दिलं आहे आणि नववीतला, म्हणजे आता दहावीत येणारा, तो मुलगा आणि मी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं ड्राय प्रॅक्टिस करतो. त्याचं ग्रुपिंग आता माझ्यापेक्षा चांगलं येतं. पदक त्याला मिळालं तर या पानावर तोच लिहील.

जय हिंद!

— एक कॅडेट, इयत्ता दहावी